अनक्लीन्ड रोमन नाण्यांचा लॉट, ९ महिन्यांनंतर: नाणी चांगली, अल्बमनं घात केला

गेल्या रविवारी अल्बम उघडला आणि पोटात गोळाच आला. तिसऱ्या पानावरची लांडगीण, म्हणजे 'ऊर्ब्स रोमा' (रोम शहर) असं लिहिलेलं, लांडगिणीचं चित्र असलेलं नाणं, माझ्या २५ नाण्यांतलं सगळ्यात देखणं नाणं, आणि तिच्या पाठीवर हिरवं काहीतरी चढलेलं. खरं तर वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होते, पण आता थांबवत नाही.

लेट रोमन ब्रॉन्झ म्हणजे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातली तांब्याच्या मिश्रधातूची नाणी, आणि अनक्लीन्ड लॉट म्हणजे मातीतून निघालेल्या, साफ न केलेल्या नाण्यांचा गठ्ठा, जास्त सांगत बसत नाही. २५ नाणी, ५० पौंड, ऑक्टोबरमध्ये घेतला. मी यॉर्कला राहते, ऑफिसला जाताना कॅथेड्रलच्या बाहेर कॉन्स्टंटाईनचा बसलेला पुतळा रोज दिसतो. बाप इथंच वारला आणि सैन्यानं याला इथंच सम्राट म्हणून घोषित केलं, २५ जुलै ३०६. तीन वर्षं पुतळा बघितल्यावर त्याचं एखादं नाणं हातात असावं असं वाटणारच ना. त्याचं चांदीचं नाणं परवडत नव्हतं, म्हणून मातीतली तांब्याची नाणी.

पहिले अडीच महिने नुसतं डिस्टिल्ड वॉटर. दर चार दिवसांनी पाणी बदलायचं, टूथपिक, मऊ ब्रश, परत पाण्यात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं चिंच लाव, नाहीतर लिंबू-मीठ, तांब्याचा हंडा निघतो तसा लख्ख निघेल." आई, नको! चिंचेनं पॅटिना, म्हणजे धातूवर काळानं चढलेला थर, जाते, आणि १७०० वर्षांची ती पॅटिनाच तर हवी असते, तिच्यातच अक्षरं टिकलेली असतात. आणि मीठ म्हणजे क्लोराइड, जे या नाण्यांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ते पुढे येईलच.

२५ पैकी ११ पूर्ण ओळखता आली, ६ अर्धवट, ८ नुसत्या चकत्या. या भावात मला तरी हे चांगलंच वाटतं. लांडगिणीच्या खाली बीएसआयएस वाचता आलं त्या रात्री झोप लागली नाही: बी म्हणजे टांकसाळीचा दुसरा विभाग, एसआयएस म्हणजे सिसिया, आजचं क्रोएशियातलं सिसाक. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी, मागे रोम वसवणाऱ्या दंतकथेतल्या जुळ्यांना, रोम्युलस-रेमसला, पाजणारी लांडगीण, वर दोन तारे. सम्राटाचं नावच नाही. ३३० मध्ये कॉन्स्टन्टिनोपल नवी राजधानी झाली तेव्हा नव्या शहराच्या नावाचं एक आणि जुन्या रोमच्या नावाचं एक अशी जोडी काढली होती, त्यातलं हे. जुन्या शहराला तुला विसरलो नाही असं सांगायला काढलेलं नाणं, मला फार आवडतं हे.

दुसरा आनंद वजनकाट्यानं दिला. 'ग्लोरिया एक्सर्सिटस' (सैन्याचा गौरव) असं लिहिलेली नाणी माझ्याकडे चार आहेत, दोन शिपाई समोरासमोर उभे. दोघांत मध्ये दोन निशाणं असतील तर ३३५ च्या आधीचं, एकच निशाण असेल तर नंतरचं. दोन निशाणवालं भरलं २.४१ ग्रॅम, एक निशाणवालं १.५८. पाचेक वर्षांत एवढा तांब्याचा तुकडा गायब, आणि चित्रातलं एक निशाणही गेलं. सम्राट डायोक्लेशननं २९४ च्या सुमाराला हेच नाणं काढलं तेव्हा ते साधारण १० ग्रॅमचं होतं आणि वर चांदीचा पातळ हात दिलेला असायचा, आपल्या कल्हईसारखा. पुढे वजनही गेलं आणि कल्हईही गेली. आणि त्याच कॉन्स्टंटाईनचा सोन्याचा सॉलिडस मात्र साडेचार ग्रॅमचा, तो पुढं कित्येक शतकं हलला नाही. म्हणजे सोनं बाळगणाऱ्याचं काही गेलं नाही आणि भाजी-पाव घेणाऱ्याच्या हातातलं नाणं झिजत राहिलं. हे वाचलं होतं आधी, पण काट्यावर बघितलं तेव्हा राग आला.

असो, अल्बम. जानेवारीत घेतला, ८.९९ पौंडला, पाकिटावर नाण्यांसाठी सुरक्षित असं छापलेलं. मायलारच्या (नाण्यांना धोका नसलेलं प्लास्टिक) पाकिटांचा गठ्ठा १२ ला मिळत होता. तीन पौंड वाचले म्हणून मी खूश होते.

रविवारी हिरवं दिसल्यावर मला वाटलं ब्रॉन्झ डिसीज. तो लागला की जमिनीतून आलेलं क्लोराइड आणि हवेतला दमटपणा मिळून आतल्या आत ॲसिड तयार करतात, ते तांबं खातं, परत क्लोराइड मोकळं होतं, चक्र थांबतच नाही. मी लगेच नाणी विकणाऱ्याला रात्री साडेअकराला लांबलचक मेल लिहिली, की तुम्ही आजारी नाणी गळ्यात मारलीत, पैसे परत करा. सकाळी त्याचं उत्तर, एकदम शांत: टूथपिक टेकवून बघा, पावडरीसारखं झडतंय का चिकटतंय. पावडर असेल तर पैसे परत देतो.

चिकटत होतं. जेलीसारखं. आणि अल्बमच्या त्या कप्प्यात आतून तसाच चिकट थर.

मग तांब्याची तार गॅसवर लाल केली, ज्योत साधी होईपर्यंत धरली, गरम असतानाच अल्बमच्या पानाला टेकवली आणि परत ज्योतीत. ज्योत हिरवीगार. म्हणजे प्लास्टिकमध्ये क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. (हे खिडक्या उघडून आणि एकदाच करा, धूर वाईट असतो.) पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट घालतात ते हळूहळू बाहेर येतं, प्लास्टिक कुजताना ॲसिड सोडतं, आणि आमच्या घरात खिडकीच्या काचेला हिवाळाभर पाणी सुटलेलं असतं, त्यानं आणखी जोर धरला. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसलाच प्रकार म्हणा. विक्रेत्याला माफीची मेल लिहिली, त्याच्याबद्दलचं मत मी पूर्ण बदललंय.

अल्बमवाल्यांना फोटो पाठवले, तारेचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की परत घ्यायची मुदत ३० दिवस, सहा महिने झालेत. मी विचारलं की पाकिटावर सुरक्षित कशाच्या आधारावर छापलंत? त्यावर तेच उत्तर पुन्हा, कॉपी-पेस्ट. ९ पौंडांचं मला काही नाही, पण एखाद्यानं यात आजोबांचा संग्रह ठेवला असेल तर? मातीनं १७०० वर्षं सांभाळलं ते यांच्या पानानं सहा महिन्यांत खाल्लं.

ॲसिटोननं चिकटा पूर्ण निघाला. शुद्धच घ्यायचं, नेलपेंट रिमूव्हर नाही, त्यात इतर गोष्टी असतात. काचेच्या बरणीत, झाकण लावून, एक रात्र. धातूला त्यानं काही होत नाही. पण लांडगिणीच्या पाठीवर खड्डे राहिलेत आणि डावा तारा गेला तो गेलाच. नवरा म्हणतो, लांबून कळत नाही. मला कळतं.

सगळी नाणी बाहेर काढताना अजून एक कळलं, की एका चकतीला खरोखरच ब्रॉन्झ डिसीज आहे, फिकट हिरवी पावडर, टूथपिकनं झडली. म्हणजे विक्रेत्याचे चार तारे झाले, पाच नाही. त्याला कळवलं, त्यानं दोन पौंड लगेच परत केले.

परत लॉट घेईन का? नाही घेणार, पण कारण वेगळं आहे. ही नाणी बाल्कनमधली एवढंच कळलं, कुठल्या शेतातली, कोणी उकरली, काहीच नाही. इथं इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टरनं नाणी शोधणारे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे नोंद करतात, नकाशावर ठिकाण राहतं. पुढचे ५० पौंड मी नोंद असलेल्या एकाच नाण्यावर घालेन.

आता २४ नाणी मायलारमध्ये, सिलिका जेलच्या डब्यात. आजारी चकती वेगळ्या बरणीत आहे, रोज पाणी बदलतेय, पावडर परत येतेच आहे. क्लोराइड बाहेर काढायला वापरतात ते सोडियम सेस्क्विकार्बोनेट कोणी वापरलंय का? पॅटिनाचा रंग किती बदलतो ते फोटोसकट सांगा, शनिवारी घालायचा विचार आहे.