दोन पीच, एक खोली

गुहागरच्या घरातली पश्चिमेची खोली रंगवायची होती. शेड कार्डवर दोन पीच शेजारी-शेजारी. आई म्हणाली, "दोन्ही एकच तर आहेत गो!" कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवले तेव्हा फरक दिसला: एकाचा कल गुलाबीकडे, दुसऱ्याचा पिवळ्याकडे.

मग दोन्हींचे छोटे डबे आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारले, दोन हात देऊन. ओलं इमल्शन फिकट दिसतं, वाळल्यावर गडद होतं, म्हणून एक दिवस थांबले.

सकाळी खिडकीतून पोफळींचा हिरवट उजेड येतो. त्यात गुलाबी पीच मळकट वाटला, पिवळा मात्र खुलला. चारनंतर समुद्राकडचं ऊन आत शिरलं, खालच्या तांबड्या कोब्यावर आपटून भिंतीवर चढलं, आणि पिवळा थेट झेंडू झाला. डोळ्यांना टोचणारा. गुलाबी तेव्हाच जिवंत झाला, पिकत आलेल्या जांबासारखा. रात्री ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिवळा आजारी दिसला. २७०० चा पिवळा बल्ब लावला तर फरक ओळखूच येईना. म्हणजे आईचं खरंच होतं, फक्त त्या बल्बखाली!

टिकण्यात दोघे सारखेच. जांभ्याच्या भिंतीला ओल असेल तर कुठलाही पीच पोपडे धरणारच. म्हणून काम दिवाळीनंतर, भिंत पुरती सुकल्यावर.

खोलीत आम्ही बसतो ते संध्याकाळी. गुलाबी घेतला. पिवळ्याचा उरलेला डबा माजघरातल्या कोनाड्याला लागेल. तिथे ऊन पोचत नाही.