आधी चप्पल, मग कुर्ता: ठाण्याच्या गोखले रोड आणि राम मारुती रोडवरील खरेदी

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत गाठता येणारे गोखले रोड आणि राम मारुती रोड हे नौपाड्यातील दोन रस्ते स्त्रियांच्या कपड्यांसाठी ठाणेकरांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. तिथल्या भावांविषयी आणि गर्दीविषयी सगळेच बोलतात, त्यामुळे येथे वेगळा प्रश्न तपासला आहे. मध्यम बांध्याच्या नोकरदार बाईला शोभेल असा पूर्ण वेश, म्हणजे कुर्ता किंवा साडी, त्याखालचे लेगिंग अथवा स्टॉकिंग आणि पायातली चप्पल, या दोन रस्त्यांवर एकाच फेरीत नीट जमवता येतो का? कपड्यांच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, पादत्राणांच्या बाबतीत बऱ्यापैकी आहे, होजिअरीच्या, म्हणजे लेगिंग-स्टॉकिंगच्या, बाबतीत मात्र निराशाजनक आहे.

बहुतेक जणी आधी कुर्ता घेतात, मग लेगिंग आणि उरलेल्या वेळात चप्पल. वास्तविक टाचेची उंची ठरल्याशिवाय पलाझोची, सरळ पँटची किंवा साडीखालच्या परकराची लांबी ठरवताच येत नाही. दोन इंच टाचेवर नेमकी बसणारी पँट सपाट चपलेवर रस्ता झाडते, आणि सपाट चपलेच्या मापाने आखूड केलेली पँट उंच टाचेवर घोट्याच्या वर लटकून पाय आहेत त्याहून आखूड भासवते. या भागात चपलांची आणि कपड्यांची दुकाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आधी चप्पल घेऊन तीच पायात घालून पुढची खरेदी करणे सहज शक्य आहे, आणि माझ्या मते या बाजाराचा मॉलपेक्षा मोठा फायदा हाच आहे.

कुर्त्यांमध्ये इथे खरोखरच निवडीला वाव आहे. सुती, मलमल, रेयॉन, चंदेरी, सरळ कापाचे, ए-लाइन, कळीदार असे सगळे प्रकार मिळतात, पण विक्रेत्यांचा भर रंग आणि नक्षी दाखवण्यावर असतो आणि फिटिंगकडे ग्राहकालाच लक्ष द्यावे लागते. पाहायचा तो खांदा: खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी, कारण कमरेत किंवा बाजूंना सैल असलेला कुर्ता कोणताही शिंपी थोड्या वेळात आत घेऊन देतो, पण उतरलेला खांदा आणि काखेत काचणारा मुंढा दुरुस्त करायचा म्हणजे बाही काढून पुन्हा लावावी लागते. लेबलवरच्या अक्षरावर विसंबू नये. एका ब्रँडचा एल आणि दुसऱ्याचा एल यांत सहज इंच-दीड इंचाचा फरक सापडतो, तेव्हा स्वतःच्या छातीचे माप ठाऊक असावे आणि अंगाच्या मापापेक्षा कुर्ता दोन-तीन इंच सैल घ्यावा. कुर्ता उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, किती सोडली आहे तेही बघावे. स्वस्त मालात ती जवळजवळ नसतेच आणि मग घट्ट झालेला कुर्ता उसवून वाढवण्याची सोय राहत नाही.

लांबीविषयीही थोडे बोलायला हवे. कपड्याची कड शरीराच्या ज्या भागावर संपते तिथे नजर थांबते. त्यामुळे नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर संपणारा कुर्ता तो भाग अधिक रुंद दाखवतो आणि पोटरीच्या मध्यावर संपणारा कुर्ता बुटक्या स्त्रीला आणखी बुटके करतो. उंची कमी असेल तर गुडघ्याच्या जरा वर किंवा थेट घोट्याजवळ संपणारी लांबी बरी दिसते. बाजूचा काप कमरेच्या फार जवळून सुरू झाला तर चालता-बसताना पोट उघडे पडते, हेही ट्रायल रूममध्ये नुसते उभे राहून कळत नाही, म्हणून खाली बसून पाहावे.

आता होजिअरी. लेगिंगचे रंग इतके मिळतात की कोणत्याही कुर्त्याला जोडी सापडावी, पण कापडाच्या वजनाविषयी दुकानात विचारले तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. लेगिंग दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरावे. आरपार दिसले तर ते फक्त लांब कुर्त्याखाली चालेल. सुती धाग्यात पाच टक्क्यांच्या आसपास इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असेल तर गुडघ्यांवर फुगे येण्याचे प्रमाण कमी राहते. स्टॉकिंगची अवस्था याहून वाईट आहे. त्यांची जाडी डेनियरमध्ये मोजतात, म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. १५ ते २० डेनियरचे स्टॉकिंग पारदर्शक असते आणि ४० च्या पुढे ते अपारदर्शक होत जाते. हॉटेलात किंवा विमानसेवेत काम करणाऱ्या मुलींना ही माहिती रोज लागते, तरी अनेक पाकिटांवर ती नसते आणि ‘स्किन कलर’ या नावाखाली एकच गुलाबीसर छटा पुढे केली जाते, जी गव्हाळ किंवा सावळ्या पायांवर पांढुरकी दिसते. पाकीट उघडून देत असतील तर हाताच्या आतल्या बाजूवर ताणून रंग जुळवावा. उघडू देत नसतील तर ही एक वस्तू सरळ ऑनलाइन मागवावी.

पादत्राणांची खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दोन्ही पायांत घालून, चवडा सर्वांत रुंद जागी दबत नाही ना आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते ना, हे पाहावे. घोट्याभोवतीचा जाड पट्टा पाय मध्येच तोडतो. त्वचेच्या रंगाशी जुळणारी, पुढून उघडी किंवा किंचित निमुळती चप्पल पाय लांब दाखवते. लोकलचे जिने रोज चढणाऱ्यांनी मात्र निमुळत्या टाचेच्या मोहात न पडता रुंद टाच किंवा वेज, म्हणजे तळव्याशी सलग असलेली टाच, घ्यावी, कारण ठाण्याच्या पदपथांवरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटी निमुळत्या टाचेची गय करत नाहीत.

बहुतेक दुकानांतला प्रकाश पांढराशुभ्र असल्याने मरून, जांभळा आणि मोरपंखी हे रंग दारात नेऊन बघितलेले बरे. आल्टर करणारे कारीगर जवळच मिळतात आणि साध्या फिटिंगचे काम बऱ्याचदा त्याच दिवशी होते, पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत ही अपेक्षा धरू नये. बदलून देण्याची अट बिलावर छापलेली असते, ती पैसे देण्याआधी वाचावी. आल्टर केलेला कपडा सहसा परत घेतला जात नाही.