कंपनीचं नाव: मंजूर झालेलं आणि खरंच आपलं असलेलं

रजिस्ट्रारकडून नाव मंजूर झालं म्हणजे ते आपलं झालं, हा नव्या उद्योजकांना सगळ्यात महागात पडणारा समज आहे. भारतात नावाच्या दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत. एक कंपनी व्यवहार मंत्रालयाची, दुसरी ट्रेडमार्क रजिस्ट्रीची. पहिली तुम्हाला त्या नावाने संस्था स्थापन करू देते. त्याच नावाने दुसऱ्याने माल विकायला घेतला तर त्याला अडवायचं बळ मुख्यतः दुसरीतून मिळतं. नाव ठरवताना दोन्हींचा विचार एकाच वेळी करायचा, नाहीतर पाटी, पाकिटं, वेबसाइट सगळं छापून झाल्यावर वकिलाची नोटीस येते.

उदाहरण म्हणून सांगलीत हळद, मसाले आणि पापड-कुरडया विकायला निघालेला एखादा गट धरू.

कोणत्या रूपात नाव किती सुरक्षित

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर नाव तपासणारं कुणीच नसतं. शॉप अॅक्ट, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगांची नोंदणी) या तिन्ही ठिकाणी तुम्ही लिहाल ते व्यापारी नाव चढतं, पण त्यातून नावावर हक्क मिळत नाही. शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याने तेच नाव घेतलं तर ही प्रमाणपत्रं दाखवून त्याला थांबवता येत नाही. फार तर आपण ते नाव कधीपासून वापरतोय याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात. भागीदारी संस्थेची गत याहून फारशी वेगळी नाही. तिथे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी करायची ती मुख्यतः १९३२च्या कायद्याच्या कलम ६९ साठी, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट लिमिटेड यांत मात्र देशभरातल्या कंपन्या आणि एलएलपींशी नाव ताडून पाहिलं जातं. एलएलपीसाठी रन-एलएलपी अर्ज, फी २०० रुपये, मंजूर नाव तीन महिने राखून ठेवतात. कंपनीसाठी स्पाईस प्लस या ऑनलाइन नोंदणी अर्जाचा नावापुरता पार्ट ए, फी १००० रुपये, दोन नावं सुचवता येतात आणि हरकत निघाली तर एकदा दुरुस्त करून पाठवता येतं. मंजुरीनंतर पार्ट बी, म्हणजे नोंदणीचा मुख्य अर्ज, भरायला हातात फक्त २० दिवस असतात. संचालकांच्या डिजिटल सह्या, जागामालकाचं ना-हरकत पत्र, वीजबिल यांची जमवाजमव आधी झालेली नसेल तर हे दिवस पुरत नाहीत. मुदत ४० दिवसांपर्यंत वाढवायला १००० रुपये, तिथून ६० पर्यंत आणखी २०००. म्हणून पार्ट ए भरण्याआधी पार्ट बी ची कागदपत्रं तयार ठेवावीत.

केवळ नावासाठी प्रायव्हेट लिमिटेड काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षं एकट्याने धंदा करायचा असेल तर तोच पैसा ट्रेडमार्कला लावलेला बरा.

नाव कुठल्या जातीचं

सांगलीच्या गटासमोर साधारण चार प्रकारची नावं येतील.

पहिलं, सरळ वर्णन करणारं: 'शुद्ध हळद' किंवा 'वाळवण फूड्स'. गिऱ्हाइकाला लगेच कळतं, म्हणून मोह होतो. पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ नेमकं अशाच शब्दांना आडवं येतं, कारण पापड विकणाऱ्या प्रत्येकाला 'वाळवण' म्हणायचा हक्क हवा. तोच शब्द हिशेबाच्या सॉफ्टवेअरला दिला तर वर्णनाची हरकत उरत नाही. शब्द चांगला की वाईट हे तो कशावर चिकटवताय त्यावर ठरतं.

दुसरं, गावाचं किंवा डोंगर-नदीचं. नुसतं 'सांगली लिमिटेड' चालत नाही. निव्वळ शहर, राज्य किंवा देशाचं नाव कंपनीला मिळत नाही. 'सह्याद्री', 'कृष्णा' ही नावं इतक्यांनी घेतलेली आहेत की पुढे चार शब्द जोडूनही अर्ज परत येऊ शकतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा बाहेरची हळद सांगलीच्या नावाने विकणं हा वेगळाच गुन्हा ठरू शकतो.

तिसरं, आडनाव. विश्वास बसतो, जिभेवर बसतं. मात्र ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ मुळे त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाला स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करण्यापासून अडवता येत नाही. कुटुंबात वाटण्या झाल्या की भांडण नावावरच पेटतं. आडनाव घ्यायचंच असेल तर ट्रेडमार्क कोणाच्या मालकीचा आणि बाहेर पडणारा भाऊ ते नाव वापरू शकेल का, हे पहिल्याच दिवशी करारात लिहून टाकावं.

चौथं, मालाशी संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द. सुरुवातीला जाहिरातीवर जास्त खर्च होतो, कारण ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही. पण दोन्ही नोंदवह्यांत सगळ्यात कमी अडथळे यालाच येतात आणि पुढे संरक्षणही सगळ्यात भक्कम मिळतं. दहा वर्षांचा विचार असेल तर आमचा कौल याला.

अर्ज का परत येतो

कंपनी स्थापनेच्या नियमांपैकी २०१९ मध्ये बदललेले नियम ८, ८ए आणि ८बी एकदा वाचावेत, कारण नाकारण्याची बहुतेक कारणं तिथे उदाहरणांसह दिली आहेत. अनेकवचन केलं, विरामचिन्हं घातली, स्पेलिंग मुद्दाम वाकडं केलं, शब्दांची अदलाबदल केली, शेवटी डॉट कॉम लावलं किंवा आकडा जोडला, तरी नाव वेगळं धरत नाहीत. भाषांतरही चालत नाही: 'नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन' आणि 'राष्ट्रीय विद्युत निगम' हे नियमांच्या दृष्टीने एकच नाव. त्यामुळे मराठी नाव सुचवताना त्याचं इंग्रजी आणि हिंदी रूपही शोधून बघायला हवं. आधीच्या कंपनीने संचालक मंडळाचा ठराव करून ना-हरकत दिली तर मार्ग निघतो.

'बँक', 'विमा', 'म्युच्युअल फंड' यांना संबंधित नियामकाची तत्त्वतः मान्यता लागते. 'नॅशनल', 'बोर्ड', 'कमिशन', 'पंचायत' अशा शब्दांना केंद्र सरकारची. रजिस्ट्रारने काढून टाकलेल्या कंपनीचं नाव राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २० वर्षं घेता येत नाही. बंद पडलेली कंपनी दिसली म्हणून नाव मोकळं आहे असं समजू नये.

ट्रेडमार्क: कोणाच्या नावे, कुठल्या वर्गात

ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले, पीठ, पापड वर्ग ३० मध्ये. लोणचं २९ मध्ये. उपाहारगृह ४३ मध्ये. हळद आणि लोणचं दोन्ही विकणार असाल तर दोन वर्गांची फी भरावी लागते. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गामागे ४५०० रुपये, इतरांना ९०००. कंपनी अजून झालेली नसेल तर प्रवर्तकाने स्वतःच्या नावे अर्ज करून नंतर तो कंपनीच्या नावे करता येतो, पण हस्तांतराचा लेखी करार विसरू नये. गुंतवणूकदार पहिल्यांदा हेच तपासतात.

शब्दचिन्ह की लोगो? पैसे एकाचेच असतील तर शब्द घ्या. लोगो दोन वर्षांनी बदलतो, शब्द राहतो. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची प्रसिद्धी झाल्यावर विरोधासाठी चार महिने असतात, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण.

शोध घेताना रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून, शोधही घ्या. त्याच वेळी मार्केट यार्डात, किराणा दुकानांच्या फळीवर, ऑनलाइन बाजारात बघा. नोंद न करता वीस वर्षं त्या नावाने मसाला विकणारा कुणी असेल तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ त्याच्या बाजूने उभं राहतं, आणि तो दोन्ही नोंदवह्यांत सापडत नाही.

चुकलं तर

मंजूर झालेल्या नावालाही कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली आव्हान देता येतं. नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांत अर्ज करू शकतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकाचा आदेश निघाल्यावर तीन महिन्यांत नाव बदललं नाही तर सप्टेंबर २०२१ पासून सरकार स्वतःच नवं नाव चढवतं: 'ओआरडीएनसी', त्यापुढे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा सीआयएन (नोंदणी क्रमांक). प्रादेशिक संचालकाचा आदेश पाळला नाही, असं त्या अक्षरांचं पूर्ण रूप आहे. असं नाव बिलावर छापून कोण माल घेईल?

स्वतःहून बदलायचं झालं तर विशेष ठराव, एमजीटी-१४ आणि आयएनसी-२४ हे फॉर्म, नवं प्रमाणपत्र, मग बँक, पॅन, जीएसटी, अन्न परवाना आणि प्रत्येक पाकीट. शिवाय पुढची दोन वर्षं जुनं नावही सोबत लिहावं लागतं.

महाराष्ट्रात पाटीचाही विचार आधीच करावा. देवनागरीतलं मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान अक्षरांत चालत नाही, आणि मद्य विकणाऱ्या वा पुरवणाऱ्या आस्थापनेला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. रोमन अक्षरांत ऐटदार दिसणारं नाव देवनागरीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जात असेल, तर एक रूप पक्कं करून तेच पाटी, पाकीट आणि ट्रेडमार्क अर्जात वापरा.