टेलिंगवर उतारा: टीईए, आयन-पेअर की आयनिक लिक्विड?

एचपीएलसीत, म्हणजे द्रवाच्या प्रवाहात कॉलममधून घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत, अमिट्रिप्टिलिनसारख्या बेसिक औषधाचं पीक (आलेखावरचा उंचवटा) शेपूट ओढत येत असेल, म्हणजेच टेलिंग होत असेल, तर दोष बहुधा कॉलममधल्या सिलिकावर उरलेल्या सायलॅनॉल गटांचा असतो. मधल्या पीएचला ते ऋणभारित, औषध धनभारित. मग काही रेणू तिथेच रेंगाळतात.

टीईए (ट्रायएथिलअमाइन) हा जुना, स्वस्त इलाज. फॉस्फोरिक आम्लाने पीएच ३ वर आणलेल्या बफरमध्ये घातलं की शेपूट आवरतं, पण रिटेन्शनही (औषध कॉलममध्ये थांबण्याचा वेळ) घटतं. पीक आधीच व्हॉइडजवळ (अजिबात न थांबणारे घटक बाहेर पडतात त्या वेळेजवळ) असेल तर हा सौदा महागात पडतो.

औषधाच्या आयनाशी जोडी जमवणारं आयन-पेअर रसायन, उदाहरणार्थ ऑक्टेन सल्फोनेट, उलट रिटेन्शन वाढवतं. मात्र कॉलम स्थिरावायला बराच वेळ घेतो, ग्रेडियंट (चालू असताना द्रवाचं मिश्रण बदलत नेणं) त्रासदायक होतो आणि तो कॉलम मग त्याच मेथडसाठी राखून ठेवावा लागतो.

आयनिक लिक्विडची (कमी तापमानालाच द्रव असणाऱ्या मिठाची) गंमत अशी की त्याचे दोन्ही आयन राबतात. ब्यूटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम टेट्राफ्लुओरोबोरेट काही मिलीमोलर घातलं, तर इमिडाझोलियम सायलॅनॉल झाकतं आणि ऋणायन औषधाशी जोडी जमवून रिटेन्शन सावरतं. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट घेतलं तर रिटेन्शन आणखी वाढतं. क्लोराइडचा असा हातभार नगण्य. धनायनावरची अल्काइल साखळी लांबवली, तर ते सी-१८ वर (सिलिकावर बसवलेल्या १८ कार्बनच्या साखळ्यांवर) बसून औषधालाच दूर लोटतं. म्हणजे हाताशी दोन स्वतंत्र खुंट्या. बाकी मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) विरघळल्यावर ते निव्वळ मीठ असतं, नावातल्या ‘लिक्विड’ला भुलू नका. म्हणून खरेदीआधी त्याच तीव्रतेचं सोडियम टेट्राफ्लुओरोबोरेट त्याच पीएचला चालवून पाहा. पीक तेवढंच सुधारलं, तर महागड्या इमिडाझोलियमची गरज नाही.

अडचणीही ठोस आहेत. इमिडाझोलियम कमी तरंगलांबीला प्रकाश शोषतं, त्यामुळे २१० नॅनोमीटरची मेथड विसरा. ते उडून जात नाही, म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरला चालत नाही. हे दोन्ही फ्लोरिनयुक्त ऋणायन आम्लधर्मी पाण्यात विघटित होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल देऊ शकतात, हेक्साफ्लुओरोफॉस्फेटही त्याला अपवाद नाही. मोबाइल फेज ताजा करा, रात्रभर कॉलममध्ये ठेवू नका.

नवी मेथड बसवताय आणि कॉलम निवडायची मोकळीक आहे? मग माझं मत उच्च पीएच सोसणाऱ्या हायब्रिड (सिलिकात सेंद्रिय गट गुंफलेल्या) कॉलमला. पीएच १०.५ च्या आसपास अमिट्रिप्टिलिन बहुतांशी भाररहित असतं, आणि बाष्पशील अमोनियम बफर मास स्पेक्ट्रोमीटरलाही चालतो. औषध त्या पीएचला टिकतं का, हे मात्र आधी तपासा. आयनिक लिक्विडकडे मी वळेन ते कॉलम साध्या सिलिकाचाच ठेवायचा असेल, डिटेक्शन यूव्हीवर २५० नॅनोमीटरच्या पुढे असेल आणि टीईएने पीक व्हॉइडला जाऊन चिकटत असेल तेव्हा.