नऊ महिने छातीचा पट्टा आणि १३३ ठोके

गणपती उठले त्या आठवड्यात मी हार्ट रेट मोजणारा छातीचा पट्टा घेतला, आणि आता जून उजाडलाय. या नऊ महिन्यांत त्याच्याशिवाय फारशी धावले नाही, तेव्हा नीट लिहायला हरकत नाही.

मला गोव्याची सत्तर पॉइंट तीन, म्हणजे अर्ध्या आयर्नमॅन अंतराची ट्रायथलॉन शर्यत करायची आहे. त्यात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि त्यानंतर २१.१ किमी धावणं. तिन्ही मिळून मैलांत मोजलं की ७०.३ होतात. पोहणं लहानपणापासूनचं आहे, सायकलही दोन वर्षं चाललीय. गाडी अडायची ती धावण्यावर. दहा किमी व्हायचे, पण धापा टाकत, आणि नडगी दुखावून दोनदा महिना-महिना घरी बसावं लागलं. मी रोज जरा जास्तच जोरात धावत होते, हे तेव्हा कळत नव्हतं. कळलं ते या पट्ट्यामुळे.

मी वापरलं ते सूत्र प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं. १८० मधून वय वजा करायचं आणि पायाभरणीच्या महिन्यांत मिनिटाचे ठोके त्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. दुखापतीतून उठला असाल तर आणखी ५ कमी, मोठं आजारपण किंवा रोजची औषधं असतील तर १०. मी ४२ ची, नडगीचे ५ गेले, उरले १३३. ट्रायथलीट मार्क ॲलन यांनी याच पद्धतीनं पाया घातला आणि हवाईची पूर्ण अंतराची आयर्नमॅन सहा वेळा जिंकली, त्यातली पहिली १९८९ मध्ये. ते वाचलेलं होतं म्हणूनच पुढचे दोन महिने धीर धरू शकले.

कारण पहिले दोन महिने खरंच कठीण गेले. बडोद्याच्या कमाटीबागेत पहिल्याच सकाळी दहा मिनिटांत पट्ट्याला जोडलेलं घड्याळ वाजलं: १३४. वेग कमी केला, पुन्हा वाजलं. शेवटी किलोमीटरला ९ मिनिटं ५० सेकंद अशा चालीवर ठोके स्थिर झाले. काला घोड्याजवळच्या पुलाचा चढ आला की चालावंच लागायचं. रोज फिरायला येणारे एक काका काळजीनं विचारायचे, "थाकी गयां, बेन?" सासूबाईंनीही विचारलं, "अगं, तब्येत बरी आहे ना तुझी?" दर वेळी वेग वाढवायची इच्छा व्हायची, आणि दर वेळी घड्याळ वाजायचं.

नवरात्रात एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. अष्टमीला गरब्याहून रात्री दीडला घरी आले आणि पहाटे साडेपाचला धावायला निघाले. रस्ता तोच, १३३ ठोकेही तेच, पण वेग साडेदहा मिनिटांवर. पायांना थकवा जाणवतही नव्हता. अपुऱ्या झोपेचा हिशेब हृदय आधी मांडतं, हे त्या सकाळी समोर दिसलं. तेव्हापासून झोप झाली नसेल तर मी लांबचा रन पुढे ढकलते.

महिन्यातून एकदा चाचणी घ्यायची: पंधरा मिनिटं वॉर्म अप, मग त्याच फेरीवर १३३ ला पाच किमी. ऑक्टोबरमध्ये किलोमीटरला ९:४०, डिसेंबरमध्ये ९:०५, फेब्रुवारीत ८:१५. ठोके तेवढेच आणि वेग वाढलेला. संथ धावण्यानं स्नायूंत केशवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शरीर चरबीवर जास्त वेळ चालू शकतं. हे पुस्तकी वाटायचं, पण फेब्रुवारीत १६ किमी संपल्यावर मी दुसऱ्या दिवशी जिना धरून उतरले नाही, तेव्हा पटलं.

मे महिन्यात मात्र चाचणी ९:१५ वर आली आणि मी रडकुंडीला आले. नंतर समजून घेतलं. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. बडोद्यात मेमध्ये पहाटे पाचलाही हवा गार नसते. त्यामुळे मेचा आकडा फेब्रुवारीशी ताडून पाहू नका.

पट्ट्याशिवाय, नुसत्या मनगटावरच्या घड्याळानं हे जमलं नसतं का? मला नाही जमलं. ते प्रकाशानं नाडी मोजतं आणि धावताना कधीकधी पावलांची गतीच ठोके म्हणून दाखवतं. मी आरामात धावले तरी माझं घड्याळ १६८ दाखवायचं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. पण तो ओला करूनच बांधा. थंडीत कोरडाच बांधला आणि वर पॉलिएस्टरचा टीशर्ट घातला की पहिली पाच मिनिटं १९० वगैरे काहीही दिसतं.

तक्रारी आहेत. उन्हाळ्यात कडेखाली कातडी सोलवटते. खोबरेल लावते, पण इलेक्ट्रोडच्या, म्हणजे संकेत पकडणाऱ्या भागाच्या, जागी नाही. घामाच्या मिठानं माझा पहिला पट्टा पाचव्या महिन्यात गेला, आणि विकणाऱ्यानं बदलून द्यायला तीन आठवडे लावले. आता प्रत्येक रननंतर पट्टा धुते आणि सेन्सर काढून वेगळा ठेवते, नाहीतर ओल्या पट्ट्यावर तो चालूच राहतो आणि सेल संपतो. पोहताना ब्लूटूथ पाण्यातून पोहोचत नाही, तिथे उपयोग शून्य.

आणि एक महत्त्वाचं. माझे दीर बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेतात. त्या गोळ्या ठोके दाबून ठेवतात, त्यामुळे हे सूत्र त्यांना लागूच होत नाही. अशा माणसानं आधी डॉक्टरांना विचारावं.

सध्या रविवारी आजवा रोडवर ६० किमी सायकल आणि उतरल्यावर लगेच सहा किमी धावणं, म्हणजे ब्रिक, चालू आहे. पहिला किलोमीटर मांड्या लाकडासारख्या असतात आणि ठोके लगेच १४० वर जातात. तेव्हा चालायचं, १२५ ला आले की परत धावायचं. गेल्या रविवारी दुसऱ्या किलोमीटरनंतर चालावं लागलं नाही. नवा पट्टा मागवायचा आहे, या वेळी दोन घेणार.