ठाण्याच्या खाडीतला गाळ मोजताना: भूसंचय निर्देशांक की समृद्धी गुणांक?

गाळात तांबे किती, हे प्रयोगशाळा सांगते. त्यातले निसर्गाचे किती आणि माणसाचे किती, हे ठरवायला हे दोन मार्ग आहेत.

भूसंचय निर्देशांक जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी १९६९ मध्ये मांडला. सापडलेल्या प्रमाणाला मूळ (म्हणजे प्रदूषणाआधीच्या नैसर्गिक) प्रमाणाच्या दीडपटीने भागायचे आणि दोनच्या पायाचा लॉगॅरिदम काढायचा. शून्याखाली आले तर गाळ स्वच्छ, पाचाच्या वर गेले तर अतिप्रदूषित. हिशेब दोन मिनिटांचा.

पण मूळ प्रमाण कुठले धरायचे? बरेच जण जगभरच्या शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) सरासरी घेतात, तांब्यासाठी ४५ पीपीएम (दहा लाख भागांत ४५). इथेच घोळ होतो. आपल्याकडचा गाळ बेसाल्ट झिजून आलेला आणि या काळ्या कातळात तांबे मुळातच जास्त. समजा, गाळात १३५ पीपीएम तांबे निघाले, तर निर्देशांक १ येतो. म्हणजे खाडी उगाचच बदनाम!

समृद्धी गुणांकात धातूला त्याच नमुन्यातल्या लोखंडाने किंवा ॲल्युमिनियमने भागतात आणि आलेल्या गुणोत्तराला मूळ प्रमाणांच्या तशाच गुणोत्तराने भागतात. लोखंडही शेलच्या (४.७ टक्के) दुप्पट असेल, तर तिप्पट दिसणारे तांबे दीडपटच ठरते. बारीक चिखल रेतीपेक्षा जास्त धातू धरतो, तो फरकही बराचसा निघून जातो. मात्र प्राणवायू नसलेल्या चिखलात लोखंड जागा सोडते, म्हणून मी ॲल्युमिनियम घेईन.

माझे मत गुणांकाच्या बाजूने. मूळ प्रमाण मात्र पुस्तकातून नको, त्याच खाडीत नळी खोल रोवून कारखान्यांपूर्वीच्या थरातून काढावे.