लपवलेले फोल्डर आणि कुलूपबंद फाइल: व्हेराक्रिप्ट वापरून पाहताना

घरातला संगणक सगळेच वापरत असतील, तर करविवरणपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि खासगी पत्रव्यवहार त्यावर कुठे ठेवावा, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत होता. पूर्वी मी फोल्डरला 'कुलूप' लावणारे एक सॉफ्टवेअर वापरत असे. विंडोजमध्ये फोल्डर दिसेनासे होई आणि तेवढ्यावर मी निर्धास्त असे. पण एकदा तोच संगणक पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला, तेव्हा त्यातली प्रत्येक फाइल पासवर्ड न मागता उघडली. फाइली नुसत्या झाकलेल्या होत्या, कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाहीत अशा, केलेल्या नव्हत्या.

त्यानंतर व्हेराक्रिप्टकडे वळलो. ट्रूक्रिप्ट या आधीच्या सॉफ्टवेअरच्या पायावर २०१३ साली उभे राहिलेले हे फाइली कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याचा सोर्स कोड कोणालाही तपासता येतो आणि ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. आपण ठरवू तेवढ्या आकाराची एक फाइल ते तयार करते. तयार करताना काही वेळ माउस खिडकीत वेडावाकडा फिरवत राहावा लागतो, कारण त्या हालचालींतूनही कूटबद्ध करणाऱ्या किल्लीसाठी लागणारी यादृच्छिकता (अंदाज बांधता न येणारी माहिती) गोळा होते. पुढे पासवर्ड दिला की ती फाइल वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, आणि 'अनमाउंट' करून बंद केली की पुन्हा अर्थहीन बाइट्सचा ढीग उरतो. उघडताना क्षणभर थांबावे लागते ते मात्र मला आवडते, कारण पासवर्डवर लाखो वेळा केली जाणारी प्रक्रिया अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यालाही दर प्रयत्नाला खोळंबवते.

उणिवा आहेत. आतला मजकूर बदलला तरी बाहेरच्या फाइलची तारीख बदलत नाही, अशी मूळ सेटिंग असते; त्यामुळे केवळ तारीख पाहून नक्कल घेणारे बॅकअप सॉफ्टवेअर तिला वगळू शकते. प्रेफरन्सेसमधली त्या सेटिंगपुढची खूण पहिल्याच दिवशी काढावी. पासवर्ड विसरल्यास परत मिळवण्याची कोणतीही सोय नाही, म्हणून मी तो कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवला आहे.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. फाइली आत हलवल्या तरी मूळ प्रतींचे अवशेष डिस्कवर राहतात, आणि एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) ते खात्रीने पुसता येत नाहीत. त्यामुळे नवे खासगी कागद स्कॅन करताना मी ते आता थेट उघडलेल्या व्हेराक्रिप्ट ड्राइव्हवरच साठवतो.